डांबरगोळ्यांचा वास

आमच्या नाटकगृहाच्या मागच्या दाराने आत गेलं की डाव्या हाताला एक अरुंद जिना खाली उतरतो. जिना संपायच्या आधीच डांबरगोळ्यांचा वास यायचा. नवख्या माणसाला ठसका लागायचा. आम्हाला मात्र त्या वासाने हायसं वाटायचं, कारण वास जिन्यापर्यंत आला म्हणजे खालचं दार उघडं आहे आणि मावशी आत आहे.

त्या तळघराला सगळे कपडेपट म्हणत. ते सांभाळणाऱ्या बाईलाही कपडेपटच म्हणत. "कपडेपटाला विचार", "आज कपडेपट फुगलंय" वगैरे. तोंडावर मात्र मावशी. शाळेच्या नाटकासाठी दरवर्षी मी तिच्याकडे कपडे मागायला जात असे. आमचे सरदार पाचवीतले आणि तिचे अंगरखे धिप्पाड नटांच्या मापाचे. ती मुलाला आपादमस्तक न्याहाळायची, दातांत टाचण्या धरायची आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणायची, "राजा वाढेल हो, पण उद्यापर्यंत नाही वाढायचा." मग बाहीला दोन चुण्या, खांद्याला एक, कमरेला एक, आणि अंगरखा पोराला बसलेला. नाटक झालं की चुण्या उसवायच्या, अंगरखा पुन्हा मोठा. कापडाला कात्री लावलेली तिला खपत नसे. "कापलेलं परत वाढत नाही," ती म्हणायची. "दुमडलेलं वाढतं."

तिचा खरा वैरी म्हणजे कसर. लोकरीला आणि रेशमाला लागणारा तो किडा तिला नटांच्या रुसव्याफुगव्यांपेक्षा जास्त छळायचा. म्हणून प्रत्येक पेटीत, प्रत्येक खिशात, राणीच्या शालूच्या घडीघडीत तिने डांबरगोळ्यांच्या छोट्या पुरचुंड्या शिवून ठेवलेल्या. त्या गोळ्या इतकी वर्षं हाताळून वास तिच्या केसांत, बोटांत, चपलांतसुद्धा मुरला होता. बाजारात ती मागे उभी असली तरी न वळता कळायचं.

तिचे यजमान त्याच नाटकगृहात दिवे सांभाळायचे. त्यांना सगळे दिवेकाका म्हणत. बोलणं कमी, पण नेमकं. "ही तळघरात, मी माळ्यावर," ते सांगायचे, "म्हणून संसार मधल्या मजल्यावर नीट चाललाय."

त्यांना ठकी नावाची एकच मुलगी. म्हणजे नाव दुसरं होतं, पण ते फक्त माझ्या वर्गाच्या हजेरीपटात. ठकीच्या आधी एक मुलगा झाला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेही मावशीने सहज, सुईत दोरा ओवताना सांगितलं. मूल चांगलं गुटगुटीत जन्मलं होतं. तिने आधीपासून त्याच्यासाठी कपडे शिवून ठेवले होते, जुन्या पोशाखांच्या मऊ अस्तरांचे. ते कपडेपटातल्याच एका पेटीत, अर्थातच गोळ्या घालून. झबलं जरा मोठंच शिवलं होतं, आत चुण्या घालून, म्हणजे वाढत्या अंगाला होईल. पण बाळ पिवळं पडू लागलं. आधी डोळे, मग तोंड, मग पोट. कुणी म्हणालं ऊन दाखवा, कुणी म्हणालं अंगारा लावा. पंधरवडाही झाला नाही तोच ते गेलं. तिची सासू म्हणाली, "तुझ्या माहेरचीच कावीळ ती. दुसरं काय!" मूल ज्या झबल्यात होतं, ते मावशीने वेगळं ठेवलं आणि बाकीचे कपडे पेटीत.

मग ठकी झाली. तिने तेच सगळे कपडे अंगावर वागवले आणि मुळ्यासारखी वाढली. साधा सर्दीताप नाही. तेव्हापासून त्या पेटीतले कपडे मावशीच्या लेखी लाभाचे ठरले. पहिल्याचं झबलं तेवढं तिने ठकीला कधी घातलं नाही.

यथावकाश ठकीचं लग्न झालं, चार गल्ल्या पलीकडच्या घरात. ती बाळंतपणाला आईकडे आली, मुलगा झाला, आणि पेटी उघडली गेली.

मी बाळ बघायला गेले तेव्हा मावशी जमिनीवर बसून झबली, टोपरी, दुपटी यांच्या घड्या मांडत होती. तळघरातला वास खोलीभर पसरला होता. "बाई, बघा," ती म्हणाली, "इतक्या वर्षांत एकाला भोक नाही!" आणि खरंच नव्हतं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, डोक्यावर राणीच्या अस्तराचं टोपरं. दिवेकाका दारात उभे राहून म्हणाले, "राजघराण्यातला दिसतोय. आमच्या घरात कसा काय आला?"

तीन-चार दिवसांत बाळाचे डोळे पिवळे झाले.

या वेळी अंगाऱ्याची भाषा कुणी केली नाही. ठकीने सरळ दवाखाना गाठला. बाळांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, हसताना खाली बघणाऱ्या. नर्सने बाळाचे कपडे काढले आणि डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. दिवेकाका काचेतून बघत राहिले. त्यांनी हयातभर रंगमंचावर रात्र दाखवायला निळा दिवा लावला होता. "भरदिवसा रात्रीचा प्रवेश," ते पुटपुटले, "आणि नट उघडाबंब." मावशी हसली नाही.

आजाराला उतार पडला. पिवळेपणा ओसरला, बाळ दूध ओढू लागलं, घरी सोडलं. मावशीने त्याला न्हाऊमाखू घालून पेटीतलं स्वच्छ झबलं चढवलं, दुपट्यात गुंडाळलं आणि दिवसातून जितक्यांदा ते ओलं करी तितक्यांदा घडीतलं नवं काढलं. जुनं धुवायला टाकायचं, ताजं पेटीतलं घालायचं. जीव ओतत होती बिचारी.

बाळ पुन्हा पिवळं पडलं, पहिल्यापेक्षा जास्त. दूध सोडलं. लंगोट काळसर होऊ लागले. पुन्हा दवाखाना, पुन्हा निळा दिवा. आता डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. रक्त फुटतंय, त्या म्हणाल्या, लाल पेशी आतल्या आत फुटताहेत आणि का ते कळत नाही. असंच चाललं तर सगळं रक्त बदलावं लागेल, आणि पिवळेपणा मेंदूवर गेला तर मूल हाती लागलं तरी धड लागणार नाही.

ठकीच्या सासूबाई आल्या. करड्या आवाजाच्या, पण मनाने तशा वाईट नव्हेत. दवाखान्याच्या बाकावर मावशीशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका, पण तुमच्याकडे मुलगे टिकत नाहीत असं ऐकलं होतं मी. तेव्हा काही बोलले नाही."

"मग आता तरी कशाला बोलता?" ठकी आतून ओरडली.

मावशी म्हणाली, "बोलू दे गं. खोटं नाही ते."

मी तिथेच होते. मावशीचा चेहरा बघवत नव्हता. तिला एकच भीती होती, आणि ती भीती तिने कुणाला न सांगताही आम्हाला ऐकू येत होती: हाही तसाच जाणार.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. थोड्या वेळाने दिवे बंद करून बाळाला पाजायला देणार होते, गुंडाळायला काही ऊबदार आहे का, त्यांनी विचारलं. मावशीने लगबगीने गाठोडं पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी गाठ सोडली आणि हात तसाच ठेवून थबकल्या.

"हा वास कसला?"

"स्वच्छ आहेत हो," मावशी अभिमानाने म्हणाली. "कसर लागू नये म्हणून गोळ्या घालते मी. हिच्या वेळचे कपडे आहेत, पण बघा, कोरे वाटतात की नाही?"

"डांबरगोळ्या? आणि घरी हेच घालत होता?"

"हेच. बदलून बदलून."

डॉक्टरीणबाईंनी गाठोडं बांधलं आणि नर्सच्या हाती देऊन लांब, बाहेर ठेवायला सांगितलं. मग त्या चक्क मावशीसमोर उकिडव्या बसल्या. "मावशी, नीट आठवून सांगा. तुमच्या माहेरी कुणी पुरुष माणूस एखाद्या औषधानंतर पिवळा पडला होता का?"

मावशी म्हणाली, "धाकटा मामा. थंडीतापाच्या गोळ्या घेतल्या आणि ताप राहिला बाजूला, हाच पिवळा. लघवी कोऱ्या चहासारखी. वाचला, पण महिनाभर अंथरुणात होता." मग म्हणाली, "आणि माझा पहिला."

त्याच दिवशी बाळाचं रक्त तपासणीला गेलं. गाठोडं बाहेर गेलं, बाळाला दवाखान्याच्या साध्या सुती कपड्यात ठेवलं, रक्तही एकदा बदललं. आणि हळूहळू, हळद धुतल्यासारखा, पिवळा रंग उतरत गेला. तपासणीचा निकाल आला तो डॉक्टरीणबाईंना आधीच वाटलं होतं तोच.

त्यांनी सगळ्यांना एका खोलीत बसवून सांगितलं. आपल्या लाल पेशींत एक राखणदार असतो. त्याचं नाव लांबलचक, थोडक्यात जीसिक्सपीडी. पेशीवर एखादं तिखट रसायन चालून आलं की तो ते निभावून नेतो. हा राखणदार कसा घडवायचा ते शरीरात एका ठरावीक जागी लिहिलेलं असतं. त्या जागेवरचा मजकूर सगळ्यांचा हुबेहूब सारखा नसतो. कुठे एखादं अक्षर वेगळं. जगभरात असे कितीतरी वेगळे मजकूर सापडले आहेत. बऱ्याचशांनी काही बिघडत नाही. काहींनी राखणदार दुबळा होतो. अशा माणसाला एरवी काही होत नाही, जन्मभर ठणठणीत राहतो. पण काही औषधं, काही पदार्थ आणि या डांबरगोळ्यांचा वास त्याच्या रक्ताला सोसत नाही. तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही.

"मग मला कसं काही झालं नाही?" ठकीने विचारलं. "मी तर त्याच कपड्यांत वाढले."

"बायकांकडे त्या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडलांकडची. एकीतला मजकूर वेगळा असला तरी दुसरी बहुतेक वेळा सांभाळून घेते. मुलग्यांकडे एकच प्रत, आईकडून आलेली."

मावशी म्हणाली, "म्हणजे पोरींना बदली नट असतो. पोरांना नाही."

"अगदी तसंच."

"आणि प्रत माझीच."

"तुमच्या आईची, तिच्या आईची. मागे कुठवर जाते कुणाला ठाऊक!"

इथे ठकीच्या सासूबाई खाकरल्या. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्यांनी आपली पिशवी उघडली, त्यातून एक लोकरीची छोटी शाल काढली आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरली. "माझ्या मुलाची आहे, लहानपणची. नातवाला आणली होती," त्या पडेल आवाजात म्हणाल्या. "हिलाही येतोय का वास, बघा."

येत होता. भरपूर. दिवेकाका म्हणाले, "विहीणबाई, तुम्हीही कपडेपटातल्याच निघालात." त्या हसल्या, मग एकदम पदर डोळ्यांना लावला. त्या दिवसापासून मुलगे टिकण्या न टिकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

बाकीचे उठल्यावर मावशी मागे राहिली. मी तिचा हात धरून होते. तिने जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही.

"डॉक्टर, पहिल्याला मीच घालवलं ना?"

डॉक्टरीणबाई लगेच "नाही, नाही" म्हणाल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "बहुधा त्यालाही हेच झालं असावं. आता तपासता येणार नाही. पण गोळ्यांचं असं काही असतं हे तेव्हा तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. तेच कपडे, तोच वास, आणि ही मुलगी मजेत वाढली. मग तुम्हाला संशय यावा कशावरून?"

"माझ्या रक्तातच खोट."

"खोट म्हणू नका. तुमच्या माहेरची माणसं मूळची कुठली?"

"दलदलीच्या काठची. आजी सांगायची, एका साली तिथे असा हिवताप आला की घरंच्या घरं ओस पडली. आमच्या घरातल्या बायका मात्र अंथरुणातून उठल्या. आजी म्हणायची, आपलं रक्त कडू आहे, ताप ते थुंकून टाकतो."

डॉक्टरीणबाई खाली बघून हसल्या. "आजी फार चुकत नव्हत्या. हिवतापाचा जंतू लाल पेशीत शिरून वाढतो. असं रक्त असलं की त्याचं बस्तान नीट बसत नाही. म्हणून डासांच्या मुलखात अशी माणसं थोडी जास्त वाचली, त्यांची मुलं वाचली, आणि पिढ्यान् पिढ्या हा मजकूर टिकून राहिला. नुसताच वाईट असता तर केव्हाच पुसला गेला असता. तुमच्या आजी कदाचित त्याच्यामुळेच उठल्या असतील."

मावशी म्हणाली, "म्हणजे आम्ही आहोत तेही त्याच्यामुळे, आणि तो नाही तेही त्याच्यामुळे." आणि माझ्याकडे वळून: "हा हिशेब कुणाकडे मागायचा हो, बाई?"

मी तिला धरून बाहेर आणलं.

बाळ बरं होऊन सुटलं. कुठली औषधं द्यायची नाहीत ते ठकीने पाठ केलं. घरात डांबरगोळी नको, त्या वासाचा कपडा नको, हे तर होतंच. निघताना डॉक्टरीणबाई जरा अवघडून मावशीला म्हणाल्या, "आणि मावशी, तुमच्याही कपड्यांना, केसांना... काही दिवस जरा लांबूनच."

मावशीने मान डोलावली. आणि ठकी बाळाला घेऊन आईकडे न येता सासरी गेली, कारण आईच्या घराच्या भिंतींनाही वास होता.

त्यानंतर मावशी रोज संध्याकाळी चार गल्ल्या चालत जाऊन ठकीच्या फाटकाबाहेर उभी राहायची. विहीणबाई बाळाला खिडकीशी आणून दाखवायच्या. "या, या," त्या म्हणायच्या, "पण तुमचं तिकीट बाल्कनीचं, लक्षात आहे ना?" मावशी बाहेरून नुसत्या बोटांनी टिचक्या वाजवायची. घरी येऊन केस धुवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळघर, पुन्हा तोच वास. साबणाने जाईल असा तो वास नव्हताच. नातवाला मांडीवर घ्यायचं असेल तर एकतर तळघर सोडायला हवं होतं, नाहीतर तळघराने तरी गोळ्या सोडायला हव्या होत्या.

एका सकाळी नाटकगृहाच्या मागच्या अंगणात मी पाहिलं तर दोऱ्यांवर सगळा दरबार वाळत होता. राजे, राण्या, सरदार, भिकारी, दोन संन्यासी आणि एक अस्वल. मावशी पुरचुंड्या उसवून उसवून बादलीत टाकत होती. व्यवस्थापक तिच्या मागेमागे फिरत होते.

"मावशी, अहो, कसर लागली म्हणजे?"

"लागली तर लागली."

"लागली तर लागली काय? राजाचा अंगरखा आहे तो!"

"राजाला भोक पडलं तर मी रफू करीन," ती म्हणाली, उसवणं न थांबवता. "रफू येतं मला."

पेट्या घासून उन्हात टाकल्या. नेपथ्याच्या सुताराने कसर लांब राहावी म्हणून देवदाराच्या ढलप्या दिल्या, त्या तिने जुन्या पुरचुंड्यांच्या जागी ठेवल्या. रोज एक पेटी काढून कपडे झटकायचे, ब्रशने झाडायचे, ऊन दाखवायचं, असा नवा नेम सुरू झाला. काम दुप्पट झालं. दिवेकाका माळ्यावरून उतरून दोऱ्या बांधू लागले. "लग्नानंतर पहिल्यांदाच एका मजल्यावर आलोय," ते म्हणाले.

ऋतू बदलायला आला तेव्हा एका संध्याकाळी मी तिच्याबरोबर ठकीकडे गेले. या वेळी ठकी फाटकापर्यंत आली. "आई, थांब." तिने आईच्या खांद्याशी नाक नेलं, मग केसांशी, मग हात हातात घेऊन बोटांशी. मावशी शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी. ठकीने पुन्हा एकदा केस हुंगले.

"सुतारासारखा वास येतोय तुला," ती म्हणाली. "ये आत."

बाळ आता मान धरत होतं. मावशीने त्याला घेतलं आणि छातीशी धरलं. बाळाने हुंकार दिला.

चहा झाल्यावर तिने पिशवीतून एक घडी काढली. पहिल्याचं झबलं. "कितीदा धुतलं ते मलाच ठाऊक नाही," ती मला म्हणाली. "ऊन दाखवलं, पुन्हा धुतलं. इतकी वर्षं पेटी उघडली की वासाबरोबर तो यायचा हो, बाई. आता नाही येत. नुसतं कापड राहिलं." ती ते परत पिशवीत ठेवायला लागली.

ठकीने हात पुढे केला. "दे ते."

"नको गं. ते नको."

"दे म्हणते ना." ठकीने झबलं नाकाशी नेलं, खोलवर हुंगलं आणि बाळाच्या अंगावर धरून पाहिलं. "होत नाही. तोकडं पडतंय."

मावशीने ते हातात घेऊन उलटं केलं. आतल्या बाजूला, काखेशी आणि घेराशी, वाढत्या अंगासाठी घातलेल्या चुण्या जशाच्या तशा होत्या. कुणी उसवल्याच नव्हत्या. तिने चष्मा पुसला, सुई मागितली आणि उजेडाकडे सरकून चुणीचा पहिला टाका उसवला.